पास्टोरेट कमिटीवर पहिल्यांदाच आलेल्यांसाठी : कारभार, बदल आणि पाळकांना साथ

मंडळीच्या वार्षिक सभेत तुमचे नाव सुचवले जाते, कुणीतरी अनुमोदन देते आणि तुम्ही पास्टोरेट कमिटीचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीचे, सभासद होता. पुढच्या रविवारी उपासनेत नव्या कमिटीसाठी प्रार्थना होते. मग पहिली बैठक लागते आणि तिथे कळते की पाळकसाहेबांची बदली होऊ घातली आहे, कंपाउंडच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी वाद आहे, तरुणांना संध्याकाळची वेगळी उपासना हवी आहे आणि मागील हिशेब अजून ऑडिटरकडेच पडून आहेत. अशा नवख्या सभासदांसाठी हा लेख आहे. यातील उदाहरणे मुख्यतः चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे सीएनआयच्या, महाराष्ट्रातील मंडळ्यांची आहेत. कॅथलिक धर्मग्रामांची, म्हणजे पॅरिशची, आणि स्वतंत्र मंडळ्यांची रचना वेगळी असते. तरी नोंदी, हिशेब आणि पाळकांशी वागणूक यांबद्दल जे लिहिले आहे, ते त्यांनाही बऱ्याच अंशी लागू पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. बदलाच्या काळात मंडळीत जी भांडणे होतात, त्यांतली फार थोडी बदल चांगला की वाईट यावरून होतात. बहुतेकांचे मूळ ‘हे ठरवले कोणी आणि आम्हाला कधी सांगितले’ या प्रश्नात असते. त्यामुळे मने सांभाळण्याचे काम कारभारापासून वेगळे काढता येत नाही. स्पष्ट कारभार हीच मंडळीला आणि पाळकांना दिलेली पहिली साथ आहे.

पहिले काम : आपली मंडळी कोणत्या परंपरेतून आली, हे समजून घ्या

सीएनआयची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली आणि तिच्यात सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांची आधीच झालेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होती, बॅप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स होते, आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्टही होते. अमेरिकन मेथडिस्ट शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले, म्हणून आपल्या शहरांत आजही मेथडिस्ट चर्च वेगळे दिसते.

हा इतिहास नवख्या सभासदाने पाठ करण्याची गरज नाही, पण त्याचा परिणाम बैठकीत समोर बसलेला असतो. अहमदनगर आणि परिसरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून होते आणि ते मिशन काँग्रिगेशनल होते. तिथे सगळ्या सभासदांची सभा भरवून निर्णय घेण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. नागपुरात स्कॉटिश मिशनने आणि कोल्हापुरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम उभे केले. त्या परंपरेत मंडळीने निवडलेल्या वडीलजनांचा, म्हणजे एल्डरांचा, शब्द महत्त्वाचा असे. अँग्लिकन वळणाच्या मंडळीत धर्मप्रांताचे प्रमुख असलेल्या बिशपांचे पत्र आले की विषय संपत असे. सीएनआयच्या घटनेने हे तिन्ही प्रवाह एकत्र गुंफले, पण आजोबांकडून आलेल्या सवयी घटनेमुळे जात नाहीत. ‘मंडळीला न विचारता कसे काय ठरवले?’ असे एखादे ज्येष्ठ सभासद विचारतात, तेव्हा ते आडमुठेपणा करत आहेत असे लगेच समजू नका. ज्या मंडळीत ते वाढले, तिथे तो त्यांचा रास्त हक्क होता.

म्हणून कमिटीवर आल्यावर जुन्या सभासदांपैकी दोघा-तिघांच्या घरी जा आणि मंडळी कोणी स्थापन केली, इमारत कधी बांधली, मोठे वाद कोणते झाले, हे शांतपणे ऐकून घ्या. एवढ्याने अर्धी माहिती मिळते. उरलेली अर्धी कपाटातल्या जुन्या इतिवृत्तांत असते.

दुसरे काम : कोणता निर्णय कुणाचा, याची यादी करा

सीएनआयच्या रचनेत स्थानिक मंडळी, एक किंवा अनेक मंडळ्या मिळून होणारे पास्टोरेट, त्यावर धर्मप्रांत म्हणजे डायोसिस आणि सर्वांत वर सिनड म्हणजे सर्वोच्च सभा अशा पायऱ्या आहेत. सिनडचे कार्यालय नवी दिल्लीत आहे आणि तिची साधारण सभा दर तीन वर्षांनी भरते. पास्टोरेट कमिटीचे अध्यक्षपद प्रेस्बिटर-इन-चार्ज म्हणजे प्रभारी पाळकांकडे असते. सेक्रेटरी आणि खजिनदार सभासदांतून येतात.

आपल्या धर्मप्रांताच्या घटनेची आणि नियमावलीची प्रत मिळवा. ती कुणाच्या तरी घरी असते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मग एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहा : उपासनेची वेळ कोण ठरवते, पाळकांची नेमणूक व बदली कोण करते, स्थानिक अंदाजपत्रक कोण मंजूर करते, सभासदांच्या यादीतून नाव कोण काढू शकते, इमारतीच्या दुरुस्तीला किती खर्चापर्यंत कमिटी पुरेशी आहे आणि जमिनीच्या कागदावर नाव कुणाचे आहे. हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर अनेक बैठकांत शांतता पसरते. आपण जिला ‘आपल्या चर्चची जागा’ म्हणतो, तिची मालकी बहुधा एखाद्या ट्रस्ट असोसिएशनकडे असते. सीएनआयसाठी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ट्रस्ट असोसिएशन आणि जुन्या अँग्लिकन मालमत्तांसाठी बॉम्बे डायोसेसन ट्रस्ट असोसिएशन ही त्यांतली परिचित नावे. कमिटी ती जागा वापरते, झाडते, रंगवते, पण विकू शकत नाही आणि मनाप्रमाणे भाड्यानेही देऊ शकत नाही.

ही यादी कमिटीत वाचून दाखवा. जे विषय कमिटीच्या अधिकारात नाहीत, त्यांवर कमिटी शिफारस करू शकते, आणि शिफारस असल्यास ती शिफारस म्हणूनच लिहावी. पाळकांच्या बदलीचा ‘निर्णय’ कमिटीने घेतला, असे इतिवृत्तात लिहून ठेवणे म्हणजे बिशपांशी आणि पाळकांशी विनाकारण तंटा ओढवून घेणे आहे.

तिसरे काम : ठराव लिहायला शिका

मंडळ्यांची इतिवृत्ते चाळली की ‘पाळकनिवासाच्या दुरुस्तीबाबत सविस्तर चर्चा झाली व सर्वांनी होकार दिला’ अशी वाक्ये भरपूर सापडतात. कशाला होकार दिला, किती पैशांना, कोणत्या निधीतून आणि काम कुणावर सोपवले, हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे :

‘ठराव क्र. ४ : पाळकनिवासाच्या गळणाऱ्या छताची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी; त्यासाठी किमान तीन दरपत्रके मागवावीत; एकूण खर्च ८५,००० रुपयांच्या आत ठेवावा व तो इमारत निधीतून करावा; कामावर सेक्रेटरी व खजिनदार यांनी देखरेख ठेवून पुढील बैठकीत अहवाल द्यावा, असे ठरले. सूचक व अनुमोदक यांची नावे. बाजूने ९, विरोधात २. ठराव बहुमताने मंजूर.’

विरोधी मते लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. ख्रिस्ती बंधुभावात फूट दिसू नये म्हणून ‘सर्वानुमते’ लिहून टाकतात आणि मग ते दोघे सभासद वर्षभर सांगत फिरतात की आम्ही कधीच हो म्हटले नव्हते. त्यांचा विरोध सभ्य शब्दांत नोंदवला, तर त्यांनाही मान मिळतो आणि कमिटीलाही कळते की काम करताना कोणत्या शंकेला उत्तर द्यायचे आहे.

‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ हे कलम प्रत्येक अजेंड्याच्या शेवटी असते. घंटेचा दोर बदलणे तिथे चालेल. उपासनेची भाषा बदलणे, कर्ज काढणे किंवा जागा शाळेला देणे अशा गोष्टी तिथे कधीही येऊ देऊ नका. ज्या विषयाने मंडळी हलणार आहे, तो नोटिशीत स्पष्ट लिहिलेला असला पाहिजे, नोटीस नियमात दिलेल्या मुदतीआधी पोचली पाहिजे आणि पोचल्याची सही किंवा पोचपावती फाइलला लागली पाहिजे. गणपूर्ती झाली नसेल तर सभा तहकूब करा आणि तसे लिहा.

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही

या भागावर मी थोडा अधिक थांबतो, कारण बाकी चुका निस्तरता येतात, ही मात्र पिढ्यांना पुरते. १९७० च्या एकीकरणाचेच उदाहरण घ्या. गुजरातेतील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन या मंडळीने सीएनआयमध्ये सामील होण्याचा ठराव केला होता. ही मंडळी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली होती आणि तो कायदा गुजरातेतही लागू होता. काही सभासदांना हे विलीनीकरण मान्य नव्हते. मालमत्ता कुणाची, यावर वाद सुरू झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले की असे प्रश्न दिवाणी न्यायालयात दावा लावून सुटणार नाहीत, या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेपुढेच जावे लागेल. २०१३ च्या निकालात तर नुसत्या ठरावाने विलीनीकरण पूर्ण होत नाही आणि विश्वस्त व्यवस्थेची मालमत्ता दुसरीकडे जात नाही, असे ठरले. ज्यांनी १९७० मध्ये हात वर केले, त्यांच्या नातवंडांनी हा निकाल वाचला असेल.

आपल्या पातळीवर याचा अर्थ असा. तुमची मंडळी किंवा तिची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलले, पत्ता बदलला, मालमत्तेत भर पडली की याच कायद्याच्या कलम २२ खाली नव्वद दिवसांत बदल कळवावा लागतो. बोलीभाषेत याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. त्यासोबत सभेची नोटीस, ती पोचल्याचे पुरावे, हजेरी, इतिवृत्त, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे अशी कागदपत्रे लागतात. म्हणजे तिसऱ्या कामात आळस केला असेल तर त्याची किंमत इथे मोजावी लागते. रिपोर्ट वेळेत न गेल्यामुळे कार्यालयाच्या नोंदीत दिवंगत माणसे विश्वस्त म्हणून राहिलेली आहेत आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्यांचे नाव कुठेच नाही, ही अवस्था चर्चपुरती नाही, देवस्थानांत आणि शिक्षणसंस्थांतही सर्रास आढळते.

म्हणून सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयातून आपल्या संस्थेचा परिशिष्ट एकचा उतारा, ज्याला पीटीआर (पब्लिक ट्रस्ट रजिस्टर) उतारा म्हणतात, तो काढून आणा आणि त्यावरची नावे कमिटीत वाचा. मग सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड शेजारी ठेवा. दोन्हींतली नावे जुळत नसतील तर ते दुरुस्त होईपर्यंत जागेबद्दल कोणताही नवा बेत आखू नका. कलम ३६ प्रमाणे विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, बक्षीस देणे, अदलाबदल करणे, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यांसाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. एखादा बिल्डर ‘आधी करार करू, परवानगी नंतर बघू’ म्हणाला, तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा.

पाळकांची बदली : निरोपाआधीचे आणि स्वागतानंतरचे काम

बदली हा मंडळीच्या आयुष्यातला सर्वांत नेहमीचा बदल आहे आणि तरीही तो दर वेळी अंगावर येतो. बदलीचे पत्र आल्यावर ते पाळकसाहेबांनी स्वतः मंडळीला सांगावे, यासाठी त्यांना एखादा रविवार मोकळा ठेवा. त्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी फुटू न देणे ही कमिटीची जबाबदारी आहे. मुलांची शाळा मध्येच तुटत असेल, घरात आजारपण असेल, तर ते धर्मप्रांताच्या कार्यालयाला वेळेत आणि लेखी कळवावे. कुटुंबाला अडचण सांगायला लाज वाटत असेल तर सेक्रेटरीने त्यांच्या परवानगीने पत्र लिहावे. सह्यांची मोहीम मात्र काढू नका, ना बदली थांबवण्यासाठी, ना करवण्यासाठी. आणि निनावी अर्ज हा तर आपल्या मंडळ्यांचा जुना रोग आहे. ज्याला तक्रार आहे त्याने सही करावी, ज्याला सही करायची नाही त्याने गप्प बसावे, एवढे कमिटीने ठरवून टाकले तरी वातावरण बरेच निवळते.

कारभार सोपवण्याची बैठक जाणाऱ्या पाळकांच्या उपस्थितीत घ्या. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन), लग्न आणि दफन यांची रजिस्टरे एकेक उघडून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते पाहा. एखाद्या लग्नाच्या नोंदीवर साक्षीदाराची सही राहिली असेल तर ती आताच मिळते, पुढच्या वर्षी मिळत नाही. लग्नाच्या नोंदी १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली येतात आणि बाप्तिस्म्याचा उतारा पुढे कधीही मागितला जाऊ शकतो, म्हणून ही पुस्तके कुणाच्या घरी नसावीत, चर्चच्या कुलूपबंद कपाटात असावीत. प्रभुभोजनाची पात्रे, किल्ल्या, बँकेतील सह्यांचे अधिकार, विजेच्या बिलावरचे नाव, चालू असलेले कोर्टाचे काम, चर्चच्या ईमेलचा पासवर्ड, हे सगळे लिहून दोघांच्या सह्या घ्या. जे लिहू नये तेही आहे : अंथरुणाला खिळलेले सभासद कोण, कोणत्या घरात नुकते दुःख झाले, कोण उपासनेला यायचे थांबले आणि का, हे जुन्या पाळकांनी नव्या पाळकांना समोरासमोर सांगावे. कमिटीने तिथून उठून जावे.

नवे पाळक येण्यापूर्वी पाळकनिवासाचे छत, पाण्याची टाकी आणि संडास बघा. स्वागताचे हार विसरले तरी चालतील. पगार कोणत्या तारखेला मिळेल, भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता कोण भरतो, आठवड्यातला सुटीचा दिवस कोणता, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलून घ्या आणि सुटीचा दिवस मंडळीत जाहीर करा. पाळकांच्या पत्नीने महिला मंडळ चालवावे, शब्बाथ शाळा घ्यावी, वाद्यवृंद सांभाळावा असे गृहीत धरले जाते. त्या स्वतः नोकरी करत असतील, किंवा नसतीलही, विचारल्याशिवाय काहीही गृहीत धरू नये. पाळक स्वतःच बाई असतील तर त्यांच्या पतीकडून अशी अपेक्षा कुणी करत नाही, हे सहज लक्षात घेण्यासारखे आहे.

नव्या पाळकांनीही पहिले वर्ष फार काही बदलू नये, असा सल्ला सगळे देतात. मला तो अर्धाच पटतो. हिशेबातली गडबड किंवा मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न वर्षभर थांबू शकत नाही. वेदीवरचा पडदा थांबू शकतो. आणि गेलेल्या पाळकांनी नव्या पाळकांचे बोलावणे असल्याशिवाय जुन्या मंडळीत लग्न-बाप्तिस्म्याला येऊ नये. हे त्यांना सांगणे अवघड जाते, म्हणून निरोपाच्या आधीच बिशपांच्या कार्यालयाकडून तसे पत्र मागवून घ्यावे.

पैशाबद्दल थोडक्यात

अर्पण उपासना संपताच चर्चमध्येच दोघांनी मोजावे, ते दोघे एका घरातले नसावेत, रक्कम नोंदवहीत अंकी व अक्षरी लिहून दोघांनी सही करावी आणि पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत जावेत. हंगामाच्या सणाला, म्हणजे कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी, अर्पण केलेल्या वस्तूंच्या लिलावात भोपळा पाच हजारांना जातो आणि टाळ्या पडतात, पण बोली लावणाऱ्याकडून रक्कम आली का, याची वेगळी यादी ठेवावी लागते. वर्ष ३१ मार्चला संपले की लेखापरीक्षण सहा महिन्यांच्या आत व्हावे. परदेशातून, मग ते तिथे स्थायिक झालेल्या आपल्याच सभासदाने प्रेमाने पाठवलेले का असेना, पैसे येणार असतील तर आधी सीएला विचारा. परकीय नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे पैसे विदेशी अंशदान ठरतात, त्यासाठी स्वतंत्र नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारता येतात.

उपासनेतील बदल

कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, आली. आमच्याकडे नारायण वामन टिळकांची भजने पेटी-तबल्यावर चर्चमध्ये रुळली आणि आज त्यांनाच आपण ‘जुनी गाणी’ म्हणतो. गिटार, ड्रम, पडद्यावरचे शब्द, इंग्रजी उपासना यांवरचा वाद त्याच ओळीतला आहे. पद्धत अशी ठेवावी : आधी प्रयोग, त्याला ठरावीक मुदत, आणि मुदत संपल्यावर सगळ्यांची सभा. तीन महिने महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी वेगळी उपासना करू, असे ठरवले की विरोधकही येऊन बघतात. सकाळच्या उपासनेतून काहीही काढून घेऊ नका; नवे द्यायचे ते वेगळ्या वेळी द्या. आणि चाचणी संपली की सभा खरोखर घ्या, नाहीतर पुढच्या प्रयोगावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तक्रार आली तर

पाळकांबद्दल किंवा सभासदांबद्दल तक्रार आली की आधी तिचा प्रकार ओळखा. उपदेश लांबतो, भेटी देत नाहीत, हे पाळकांसमोर बसून बोलायचे विषय आहेत. पैशाची तक्रार धर्मप्रांताकडे लेखी जाते. लहान मुलाच्या लैंगिक छळाचा संशयही आला तर तो कमिटीचा विषयच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ सांगते की ज्याला अशी माहिती आहे त्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. ‘मंडळीची बदनामी होईल, प्रार्थनेत ठेवू’ असे म्हणणाऱ्याला कितीही मान असला तरी तिथे ऐकू नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत, आणि आपल्या शाळा-दवाखान्यांत ते असतातच, कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, ते पाहून या.

खेड्यातली मंडळी रिकामी होते तेव्हा

शेवटी एक बदल, ज्याबद्दल कमिट्या बोलायचे टाळतात. कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली, खेड्यातल्या चर्चमध्ये चार घरे उरली आणि पाळक महिन्यातून एकदाच येऊ शकतात. ती मंडळी शेजारच्या पास्टोरेटला जोडण्याचा विचार सुरू झाला, तर बैठक शहरात घेऊ नका. त्या गावात, त्याच इमारतीत घ्या आणि बाहेर गेलेल्या कुटुंबांनाही तारीख कळवा, कारण त्यांचे आईवडील तिथल्या दफनभूमीत आहेत. इमारतीचे काय होणार, दफनभूमीची राखण कोण करणार, वर्षातून एखादी उपासना तिथे होणार का, याची उत्तरे ठरावात लिहूनच मग जोडणीचा ठराव घ्या. रजिस्टरे जवळच्या पास्टोरेटमध्ये नेताना पोचपावती घ्या, त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून एक प्रत त्या चार घरांपैकी एकाकडे ठेवा आणि दफनभूमीच्या सातबाऱ्यावरचे नाव तलाठी कार्यालयात तपासून या. गावात आपले कुणी नाही असे दिसले की त्या जागेवर अतिक्रमण व्हायला फार काळ लागत नाही.